दोन कोटींचा गडी: चढाई भारी की पकड, आणि पुरावा कशाला म्हणायचं

प्रो कबड्डीचा लिलाव जवळ आला की एक वाद हमखास निघतो. पैसा रेडरवर लावावा की डिफेंडरवर? नांदेडच्या विद्यापीठातलं हॉस्टेल असो की लातूरच्या मैदानाबाहेरची चहाची टपरी, दोन पार्ट्या पडतातच. एक म्हणते, गुण आणतो तो रेडर, बाकीचे साथीदार. दुसरी म्हणते, रेडर सामना जिंकून देतो, पण करंडक पकडीवरच येतो. दोघांकडे आकडे असतात, दोघांकडे नावं असतात, आणि चहा संपला तरी वाद संपत नाही.

संशोधनाच्या ब्लॉगवर कबड्डी कशाला, असं तुम्हाला वाटेल. कारण सांगतो. पेट निघाली, कोर्सवर्क झालं, सिनॉप्सिस घेऊन तुम्ही आरआरसीसमोर बसलात की विचारलं जातं ते साधारण असंच असतं: तुमचं चल कोणतं? ते कसं मोजणार? हे उदाहरण का घेतलं, ते का नाही घेतलं? टपरीवरच्या या वादात हे सगळे प्रश्न दडलेले आहेत, आणि विषय सगळ्यांना माहीत असल्यामुळे चूक कुठे होते ते पटकन दिसतं. म्हणून दोन्ही बाजूंचा पुरावा एकेक करून तपासू.

दोन्ही बाजू काय म्हणतात

आधी रेडरवाल्यांची बाजू. बाजारच त्यांच्या बाजूनं आहे. २०१८ च्या लिलावात पहिल्यांदाच खेळाडूंनी एक कोटीचा टप्पा ओलांडला किंवा गाठला. असे सहा जण होते: मोनू गोयत (१.५१ कोटी), राहुल चौधरी (१.२९), नितीन तोमर आणि दीपक हुडा (प्रत्येकी १.१५), आपला रिशांक देवाडिगा (१.११) आणि इराणचा फझल अत्राचली (१ कोटी). यात निव्वळ डिफेंडर एकटा फझल. पुढे २०१९ ला सिद्धार्थ देसाई १.४५ कोटी, २०२१ ला परदीप नरवाल १.६५ कोटी, २०२२ ला पवन सेहरावत २.२६ कोटी, आणि दहाव्या पर्वासाठी पुन्हा पवनच, २.६०५ कोटी. त्या पर्वात एका संघाची एकूण थैली ५ कोटींची होती. म्हणजे अर्ध्याहून जास्त पैसा एका रेडरवर. रेडरवाले म्हणतात, इतके संघमालक, इतके प्रशिक्षक, सगळे वेडे आहेत का?

आता पकडवाल्यांची बाजू. ते याच यादीचा उलटा पाढा वाचतात. २०१८ ला मोनू गोयत घेतलेली हरियाणा स्टीलर्स आपल्या गटात तळाला. २०१९ ला सिद्धार्थ देसाई घेतलेली तेलुगू टायटन्स बाद फेरीच्या बाहेर. दहाव्या पर्वात पवन घेतलेली तेलुगू टायटन्स तर गुणतक्त्यात शेवटची. आणि त्याच दहाव्या पर्वात पुणेरी पलटणनं डावा कोपरा सांभाळणाऱ्या मोहम्मदरझा शादलुईला २.३५ कोटींना घेतलं, १ मार्च २०२४ ला हरियाणाला २८-२५ हरवून करंडक उचलला. पुढच्या पर्वात हरियाणानं त्याला २.०७ कोटींना नेलं, आणि हरियाणा विजेती. बघा, म्हणतात, कोपरा जिकडे तिकडे करंडक.

ऐकायला पक्कं वाटतं. आता एकेक खिळा ढिला आहे का ते पाहू.

गुण म्हणजे कामगिरी का?

रेडरवाल्यांचा मूळ आधार गुणतक्ता. परदीपनं २०१७ च्या पर्वात चढाईचे ३६९ गुण मिळवले. दुसरीकडे शादलुईनं आठव्या पर्वात पकडीचे ८९ गुण घेतले तर तो त्या पर्वातला सर्वोत्तम डिफेंडर ठरला. ३६९ आणि ८९ शेजारी ठेवले की प्रश्नच मिटला असं वाटतं.

पण हे दोन आकडे एका मापानं मोजलेले नाहीत. खेळाचे नियम आठवा. रेडर एका चढाईत दोन-तीन गडी मारू शकतो, वर बोनस घेऊ शकतो. पकड मात्र साधारणपणे एकाच गुणाची. तीन किंवा कमी गडी मैदानात असताना केली तर अव्वल पकड म्हणून एक जास्तीचा. शिवाय संघाची अर्धी चढाई एकटा रेडर करू शकतो, पकड मात्र साखळीची असते. डाव्या कोपऱ्यानं घोटा धरला, कव्हरनं डॅश मारला, उजव्यानं वरून झाकलं. गुण एकाच्या नावावर जातो. म्हणजे एका बाजूला काम एकाचं आणि हिशोब एकाच्या नावे, दुसऱ्या बाजूला काम तिघांचं आणि हिशोब एकाच्या नावे.

त्याहून महत्त्वाचं असं की गुण हा परिणामाचा फक्त एक भाग आहे. समोरच्या संघाचा मुख्य रेडर पकडला की तक्त्यावर एक गुण चढतो, पण तो रेडर बाहेर बसतो. त्याचा गडी उठेपर्यंत दुसऱ्या फळीचे रेडर चढाईला जातात. एक काल्पनिक हिशोब मांडू. समजा मुख्य रेडर एका चढाईमागे सरासरी ०.६ गुण आणतो आणि पर्यायी रेडर ०.४. चढाई ३० सेकंदांची आणि आळीपाळीनं, म्हणजे एका संघाला मिनिटाला साधारण एक चढाई. मुख्य रेडर चार मिनिटं बाहेर बसला, आणि त्या चारपैकी तीन चढाया त्यानं केल्या असत्या, तर नुकसान ३ गुणिले ०.२, म्हणजे ०.६ गुण. तक्त्यावर १ दिसणारी पकड प्रत्यक्षात १.६ ची झाली. आकडे काल्पनिक आहेत, पण कुठली गोष्ट मोजायची राहते ते यातून कळतं.

इथे पकडवाले टाळ्या वाजवतील. थांबा. हाच हिशोब रेडरलाही लावावा लागेल. रेडरनं समोरचा डावा कोपरा मारला तर तोही बाहेर बसतो आणि पुढच्या चढाया सोप्या होतात. पण बोनस गुणाचं तसं नाही. बोनसनं समोरचा कुणी बाद होत नाही, आपला कुणी उठत नाही. तरीही तक्त्यात बोनसचा एक आणि गडी मारल्याचा एक, दोन्ही सारखेच. म्हणजे नुसतं रेडर विरुद्ध डिफेंडर नाही, रेडर-रेडरमध्येसुद्धा एकूण गुणांवरून तुलना फसवी ठरते.

संशोधनाच्या भाषेत याला मापनाची वैधता म्हणतात. जे मोजायचं आहे तेच आपण मोजतोय का? तक्ता तयार मिळतो म्हणून तो घेतला, ही सगळ्यात सोयीची आणि सगळ्यात महागात पडणारी सवय.

लिलावात कोण नसतं?

दोन्ही पार्ट्या पुरावा लिलावातून उचलतात. आता विचारा, लिलावात येतं कोण? संघ आपले सर्वांत उपयोगी खेळाडू आधीच राखून ठेवतात. राखलेला गडी लिलावात येत नाही, म्हणून त्याची बोली लागत नाही, म्हणून तो 'महागडे खेळाडू' या यादीत कधीच दिसत नाही. दहाव्या पर्वातल्या विजेत्या पलटणचा कर्णधार आपल्या नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार. तो काही कोट्यवधींच्या बोलीतून आलेला नव्हता, संघानं तरुणपणापासून जपलेला होता. आकाश शिंदे, पंकज मोहिते, मोहित गोयत हेही तसेच, आधीपासून घरात असलेले. आता सांगा, पलटणचा करंडक शादलुईच्या २.३५ कोटींच्या खात्यावर टाकायचा की या पोरांच्या?

तुम्ही आम्ही हे रोज पाहतो. नांदेड-लातूरच्या ट्युशन एरियात निकालानंतर फ्लेक्स लागतात. फ्लेक्सवरचे फोटो खरे असतात, गुणही खरे असतात. पण फ्लेक्सवर कोण नाही हे फ्लेक्स सांगत नाही. आणि जे फ्लेक्सवर आहेत त्यातले किती जण दहावीलाच पंच्याण्णव टक्क्यांच्या पुढे होते हेही सांगत नाही. लातूर पॅटर्नचा अभ्यास करायचा असेल तर नुसते फ्लेक्स मोजून चालत नाही, आत आलेले सगळे मोजावे लागतात. लिलावाची यादी हा तसाच एक फ्लेक्स आहे.

दोन करंडकांवरून सिद्धांत

आता पकडवाल्यांचा हुकमी पत्ता: शादलुई. पुण्यात गेला, पुणे जिंकलं. हरियाणात गेला, हरियाणा जिंकली. २०२५ च्या लिलावात गुजरात जायंट्सनं त्याला २.२३ कोटींना घेतलं. 'कोपरा जिकडे तिकडे करंडक' हा सिद्धांत खरा असता तर बाराव्या पर्वात गुजरात निदान वरच्या फळीत दिसायला हवी होती. प्रत्यक्षात ती पहिल्या आठातही आली नाही. विजेती ठरली दबंग दिल्ली.

याचा अर्थ शादलुई वाईट खेळला असा मुळीच नाही. दोन उदाहरणांवर उभा केलेला नियम तिसऱ्या उदाहरणानं डगमगला, एवढाच. तिसरं उदाहरण यायच्या आधीच तो नियम डगमगता होता, आपल्याला दिसत नव्हतं इतकंच. सिनॉप्सिसमध्ये 'दोन तालुक्यांच्या अभ्यासावरून असे सिद्ध होते' असं वाक्य लिहायचा मोह झाला तर गुजरात आठवा.

आणखी एक बारीक गोष्ट, जी टपरीवर कुणीच काढत नाही. लिलावात शादलुईची नोंद डिफेंडर म्हणून नव्हतीच, अष्टपैलू म्हणून होती. तो कोपरा सांभाळतो आणि मधूनमधून चढाईलाही जातो. मग त्याला पकडवाल्यांच्या खात्यात घालायचं कुणी ठरवलं? करंडक आल्यावर ठरवलं. वर्गवारी निकाल पाहून केली की निष्कर्ष आधीच ठरलेला असतो. चलांची व्याख्या माहिती गोळा करण्याआधी कागदावर लिहून ठेवा, असं गाईड वारंवार सांगतात ते याचसाठी.

किंमत आणि लायकी

'इतके मालक वेडे आहेत का' या रेडरवाल्यांच्या प्रश्नाकडे येऊ. वेडे नाहीत. पण लिलावाची किंमत म्हणजे सगळ्या बारा संघांचं मत नसतं. बोली शेवटी दोघांतच रंगते. एकाची थैली मोठी राहिलेली, दुसऱ्याची गरज मोठी. जो जिंकतो तो बहुतेक वेळा सगळ्यात जास्त आशावादी असतो. खेळाडूच्या खऱ्या मोलाचा अंदाज प्रत्येकाचा थोडा इकडे थोडा तिकडे चुकत असेल, तर सर्वांत वर चुकणारा लिलाव जिंकतो. अर्थशास्त्रात याला विजेत्याचा शाप म्हणतात. हा शाप रेडरला लागतो तसा डिफेंडरलाही. रेडरच्या बोल्या जास्त चढतात म्हणून त्यांचं अपयश जास्त दिसतं.

म्हणजे पकडवाले जे 'महागडा रेडर बुडवतो' असं म्हणतात, त्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. एक, खेळाडूची जागा. दुसरी, थैलीतला केवढा वाटा एकावर गेला. टायटन्स रेडर घेतल्यामुळे बुडाली, की एकावर अर्धी थैली रिकामी केल्यामुळे? त्या यादीवरून हे वेगळं काढता येत नाही. शादलुईवरही पलटणनं थैलीचा ४७ टक्के हिस्सा घातला होता आणि तरी ती जिंकली, कारण बाकीचा संघ आधीच उभा होता.

या गुंत्यातून वाट काढायला एक-दोन प्रसंग जास्त उपयोगी पडतात. परदीपचा प्रसंग घ्या. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या पर्वात पाटणा पायरेट्स सलग विजेती, आणि परदीप त्यांचा हुकमी एक्का. पण २०१९ ला त्यानं चढाईचे ३०२ गुण केले तरी पाटणा बाद फेरीत नव्हती. पुढच्या पर्वाआधी पाटणानं त्याला सोडलं, पैसा तीन-चार रेडरांत आणि बचावात वाटला, शादलुई तेव्हाच आला. त्या पर्वात पाटणा गुणतक्त्यात पहिली आली, उपांत्य फेरीत परदीपच्याच यूपी योद्धाला हरवलं, आणि अंतिम सामना दबंग दिल्लीकडून अवघ्या एका गुणानं, ३६-३७ असा हरली.

दुसरा प्रसंग त्याहून स्वच्छ. २०२२ ला तमिळ थलैवाजनं पवनला २.२६ कोटींना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात तो जखमी होऊन पर्वाबाहेर गेला. संघानं त्याला काढायचं ठरवलेलं नव्हतं, दुखापतीनं काढलं. म्हणून 'कमजोर संघानं घाबरून बदल केला' असली पळवाट इथे नाही. पुढे काय झालं? नरेंदर नावाच्या नवख्या रेडरनं चढाया सांभाळल्या, सागर आणि साहिल गुलिया यांनी कोपरे सांभाळले, आणि थलैवाज उपांत्य फेरीपर्यंत गेली. निसर्गानंच केलेला प्रयोग म्हणा हवं तर. पण प्रयोग एकच, हे विसरायचं नाही.

उंच गडी आणि विंग

हा वाद फक्त आपला नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये लिलाव नसतो, ड्राफ्ट असतो. संघ क्रमानं नवे खेळाडू निवडतात. तिथला जुना वाद असा की पहिली निवड उंच सेंटरवर खर्च करावी की बाजूनं खेळणाऱ्या चपळ विंगवर. १९८४ च्या ड्राफ्टमध्ये पोर्टलंडनं दुसऱ्या क्रमांकावर सॅम बोवी हा सेंटर घेतला, कारण क्लाइड ड्रेक्सलर हा विंग त्यांच्याकडे आदल्या वर्षीच आला होता. तिसऱ्या क्रमांकावर शिकागोनं घेतला मायकल जॉर्डन. बोवीला पायाच्या दुखापतींनी ग्रासलं. २००७ ला पोर्टलंडनंच ग्रेग ओडन हा सेंटर पहिला घेतला आणि केव्हिन ड्युरंट दुसऱ्यावर गेला. ओडनचे गुडघे टिकले नाहीत. 'उंच गडी घेऊ नका' याचा पुरावा म्हणून या दोन कथा सतत सांगितल्या जातात.

पण १९८४ ला पहिल्या क्रमांकावर कोण गेलं होतं? हकीम ओलाजुवान, तोही सेंटरच. ह्यूस्टननं त्याला जॉर्डनच्या आधी घेतलं आणि १९९४, १९९५ अशी सलग दोन विजेतेपदं मिळवली. एकाच दिवशी, एकाच ड्राफ्टमध्ये, सेंटर घ्यायचा एकच निर्णय दोन संघांनी केला. एकाचा फळला, एकाचा फसला. आपण फसलेला लक्षात ठेवतो, कारण त्याची गोष्ट चांगली होते. साहित्याचा आढावा घेताना ओलाजुवान सुटतोय का, हे एकदा तपासत चला.

मग म्हणता काय येईल?

टीका करून हात झटकणं सोपं आहे, म्हणून माझं मत मांडतो. 'रेडर की डिफेंडर' हा प्रश्न चुकीच्या एककावर उभा आहे. विचारायला हवं ते असं: हा गडी नसेल तर त्याच्या जागी जो येईल, त्याच्यात आणि याच्यात फरक किती? थलैवाजच्या उदाहरणावरून वाटतं की चढाई हे बरंचसं एकट्याचं कौशल्य असल्यामुळे नवा रेडर तुलनेनं लवकर उभा राहतो. डावा आणि उजवा कोपरा मात्र जोडीनं तयार होतो, एकमेकांच्या पायाचा अंदाज यायला वेळ लागतो. तसं असेल तर कोपऱ्यांची जोडी एकत्र राखणं एखादा महागडा रेडर आणण्यापेक्षा शहाणपणाचं ठरेल. पण हे गृहीतक आहे, निष्कर्ष नाही. उभे राहिलेले नवे रेडर आपल्याला दिसतात, न राहिलेले दिसत नाहीत, हा फ्लेक्सचा दोष माझ्या मतालाही लागू आहे.

हे गावच्या मैदानावर का महत्त्वाचं आहे

कोट्यवधींचा हिशोब मालक बघून घेतील. पण हेच माप खाली झिरपतं. जिल्हा संघाच्या निवड चाचणीत दोन-तीन छोटे सामने होतात, बाजूला कुणीतरी वही घेऊन गुण लिहितो, संध्याकाळी यादी लागते. त्या वहीत चढाई करणारं लेकरू उठून दिसतं. ज्या पोरीनं कोपऱ्यात घोटा धरून ठेवला आणि गुण कव्हरच्या नावावर गेला, ती यादीत खाली जाते. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी वरच्या स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात. जिल्ह्याच्या यादीतून नाव गळालं की ती वाट तिथंच बंद होते. वहीत कोणता रकाना आहे आणि कोणता नाही, यावर कुणाची तरी नोकरी अवलंबून असू शकते.

शारीरिक शिक्षणात, संख्याशास्त्रात किंवा अर्थशास्त्रात पीएच.डी. करायचा विचार असेल तर इथे काम आहे. 'कबड्डी व खो-खो खेळाडूंच्या शारीरिक क्षमतेचा तुलनात्मक अभ्यास' या धर्तीचे विषय भरपूर झाले. त्याऐवजी एखाद्या हंगामातले जिल्हास्तरीय सामने मोबाईलवर चित्रित करा, संयोजकांची आणि खेळाडूंची, अल्पवयीन असतील तर पालकांचीही, लेखी परवानगी घेऊन. मग प्रत्येक चढाईची एक ओळ लिहा: मिनिट कितवं, रेडर कोण, समोर गडी किती, निकाल काय, बोनस की गडी, पकड सुरू कुणी केली, पूर्ण कुणी केली, आणि बाद झालेला गडी किती वेळानं उठला. शेवटचे तीन रकाने नेहमीच्या गुणपत्रिकेत नसतात, आणि वरचा सगळा वाद त्याच तीन रकान्यांत अडकलेला आहे.

एका सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून साधारण ऐंशी चढाया होतात. पंचवीस सामने म्हणजे दोन हजार ओळी. पकड सुरू कुणी केली हे दोघांनी वेगवेगळं बघून लिहा आणि किती वेळा एकमत होतं ते आधी तपासा. एकमतच होत नसेल तर पुढचं विश्लेषण करू नका, व्याख्या सुधारा. दोन-तीन सामन्यांवर हे करून पाहायला एक आठवडा पुरतो, आणि सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधीचा तो आठवडा वाया जात नाही.